चांद्याचे ऊन आणि चिनी गुलाब

चंद्रपुरास नोकरी लागली असे कुणी सांगितले, की पुण्यामुंबईकडचा मनुष्य आधी अभिनंदन करीत नाही, "उन्हाळ्यात कसे व्हायचे तुमचे?" असे विचारतो. त्याचे फारसे चुकते असेही नाही. एप्रिल-मे महिन्यांत देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांची यादी वर्तमानपत्रांत येते, तीत चंद्रपूर आणि आमच्याच जिल्ह्यातले ब्रह्मपुरी ही दोन नावे बहुधा असतातच. पारा ४५ अंशांपलीकडे गेला तर येथे कुणी भुवई उंचावीत नाही. नवतपा लागला, म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला आणि ते कुप्रसिद्ध नऊ दिवस सुरू झाले, की दुपारी गोल बाजारातदेखील कुत्रे फिरकत नाही. माणसे कूलरच्या पुढ्यात आडवी होतात आणि दिवे लागल्यावर बाहेर पडतात.

या दिवसांत बागेचे नाव काढणे म्हणजे वेडेपणा. गुलाब करपतो, शेवंती केव्हाच गेलेली असते, तुळशीवर ओले फडके टाकावे लागते. मोगरा फुलतो खरा, पण कुंडीतल्या मोगऱ्याला रोज पाणी मोजावे लागते. अशा वेळी आमच्या गच्चीवर, जिथे अनवाणी पाऊल ठेववत नाही, तिथे तेलाच्या कापलेल्या डब्यांत आणि फुटक्या माठांच्या बुडांत लाल, गुलाबी, पिवळी, केशरी, पांढरी फुले सकाळी नऊच्या सुमारास अशी उघडतात, की शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायका हातातले काम थांबवून पाहतात. हाच चिनी गुलाब. सुतळीएवढे देठ, गव्हल्यांहून थोडी लांब अशी मांसल पाने, आणि जमिनीसरशी पसरण्याची सवय. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी याला 'ऑफिस टाइम' म्हणतात. केरळात याचे नाव दहा वाजताचे फूल अशा अर्थाचे आहे, आणि व्हिएतनाममध्येही तेच. एवढ्या दूरदूरच्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकच नाव ठेवावे याची मला, भाषेची शिक्षिका म्हणून, मोठी गंमत वाटते. मात्र फूल घड्याळ पाहत नाही. ते प्रकाश आणि ऊब पाहते. मे महिन्यात ते आठलाच हजर असते, डिसेंबरात अकरा वाजले तरी डोळे चोळीत बसते, आणि आभाळ भरून आले की त्या दिवशी रजाच टाकते. एक फूल एकच दिवस टिकते. दुसऱ्या दिवशीचे फूल दुसरे.

'चिनी गुलाब' हे नाव दोन्ही बाजूंनी खोटे आहे. हा गुलाब नव्हे हे कुणालाही दिसते. पण तो चीनचाही नव्हे. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत, ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना या मुलखात. अर्जेंटिनातल्या मेंडोझा प्रांतात जॉन गिलीज नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर राहत असे. तिथल्या कोरड्या, रेताड जमिनीवर पसरलेली ही झाडे त्याने ब्रिटनकडे पाठविली आणि विल्यम हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२९ साली त्यांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. नाव ठेवले 'पोर्तुलाका ग्रँडिफ्लोरा', म्हणजे मोठ्या फुलांचा पोर्तुलाका. यातला 'पोर्तुलाका' हा शब्द फार जुना आहे, आणि लॅटिनमध्ये 'पोर्तुला' म्हणजे लहानसे दार, यावरून तो आला असे सांगतात. दार कशाचे? तर बोंडाचे. या झाडाचे बोंड पिकले की वरचा अर्धा भाग कुंकवाच्या करंड्याच्या झाकणासारखा अलगद सुटतो आणि आत पोलादी रंगाचे, रवाळ, बारीक बी दिसते.

हे वाचले तेव्हा मला हसू आले. कारण चांद्याच्या माणसाला लहान दार शिकवावे लागत नाही. गोंड राजांनी बांधलेल्या आमच्या परकोटाला जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे चार मोठे दरवाजे आहेत, आणि त्यांखेरीज पाच लहान दारे. त्या लहान दारांना आम्ही दार म्हणत नाही, 'खिडकी' म्हणतो. हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, चोर खिडकी, अशी त्यांची नावे. बाहेरगावचे विद्यार्थी 'खिडकीतून स्मशानाकडे जातात' हे वाक्य ऐकून गोंधळतात. तेव्हा 'पोर्तुला'चे चंद्रपुरी भाषांतर 'खिडकी' असेच करायला हवे.

आता पाण्याची गोष्ट. तीच खरी.

आमच्या भागात उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड येतो. आला की रांजण, हंडे, ड्रम, कूलरची टाकी या क्रमाने भरणे चालते, आणि मधेच नळ गेला तर शेवटचे नाव कोरडे राहते. या क्रमात फुलझाडांना जागा नव्हती. आमच्या सासूबाईंचे माहेर वैनगंगेच्या काठचे. नदी जवळ असली तरी मे महिन्यात पात्रातल्या झिऱ्यातून वाटीवाटीने घागर भरून डोक्यावरून आणण्यात त्यांचे तरुणपण गेले. पहिल्या उन्हाळ्यात मी गच्चीवर मग घेऊन निघाले तेव्हा त्यांनी जिन्यातच अडविले. "माणसाले प्याले पाणी नाही, अन् तू फुलायले कायले ओततं?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. नळाच्या रांगेवरून खाली गल्लीत भांडणे चाललेली असताना वर कुंड्यांत पाणी ओतणे मलाही बरे वाटत नव्हते. झाडे ठेवायची तर त्यांचा खर्च घरातल्या माणसांच्या वाट्यातून निघता कामा नये, एवढे त्यांचे म्हणणे होते, आणि ते मला पूर्ण मान्य होते.

मग हिशेब मांडला. आठ-दहा इंच तोंडाच्या आठ कुंड्या. दर तिसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकीला अर्धा लिटर. म्हणजे आठवड्याला सारे मिळून एक लहान बादली. आणि तेवढे पाणी डाळ-तांदूळ धुण्यातच सांडते. सासूबाईंनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. एक आठवडाभर त्यांनी स्वतः तांदूळ धुतलेले पाणी वेगळ्या घागरीत साठविले, तिसऱ्या दिवशी स्वतः वर जाऊन घातले, आणि आठवड्याअखेरीस घागरीत दोन तांबे उरले ते तुळशीला दिले. त्यानंतर जिन्यात अडविणे थांबले. पण खरी गंमत पुढेच झाली. एक दिवस त्यांनी चिनी गुलाबाचे एक पान चिमटीत धरून चुरडले, देठाचे लालसर टोक पाहिले, आणि म्हणाल्या, "अवं, हे तं चिवळीच्याच घरचं दिसते."

वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाने जे लॅटिनमध्ये सांगितले तेच हे. चिवळ ही आमच्या विदर्भातली उन्हाळ्यातली लाडकी भाजी. बारीक पानांची, जमिनीला चिकटून वाढणारी, मुळासकट जुडीने विकत मिळणारी आणि निवडता निवडता अर्धी दुपार खाणारी. तिचे शास्त्रीय नाव 'पोर्तुलाका क्वाड्रिफिडा'. तिची थोरली बहीण घोळ, म्हणजे 'पोर्तुलाका ओलेरासिया', जाड पानांची. ती महाराष्ट्रभर ठाऊक आहे. चिनी गुलाब ही यांची दूरदेशची चुलतबहीण. तिघींच्याही अंगी मांसल पान, तिघींनाही ऊन प्यारे, आणि तिघींच्याही बोंडाला झाकण. मग सासूबाईंचा पुढचा प्रश्न ओघानेच आला: एवढेच पाणी लागते तर आठही कुंड्यांत फुले कशाला? चार कुंड्यांत आता चिवळ आणि घोळ आहे. मुगाची डाळ घालून किंवा बेसन पेरून ती भाजी घरात आठवड्यातून एकदा होते, आणि बाजारच्या जुडीतली माती धुण्यात जाणारे पाणीही वाचते.

भाजीचा विषय निघाला आहे म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवते. घोळीत शरीराला उपयोगी असे ओमेगा-३ जातीचे स्निग्धाम्ल असते, जे पालेभाज्यांत सहसा इतके सापडत नाही. पण तिच्यात ऑक्झॅलिक आम्लही पुष्कळ, तेव्हा मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी बेतानेच खावी. दुसरे, घोळीसारखीच दिसणारी जमिनीवर पसरणारी दुधी नावाची तणे असतात. देठ तोडल्यावर पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, टाकून द्यावी.

या कुटुंबाला एवढ्या थोड्या पाण्यात कसे भागते, हे समजले की त्याची निगाही आपोआप समजते. झाडाला हवेतला कार्बन वायू आत घ्यावा लागतो आणि त्यासाठी पानावरची सूक्ष्म रंध्रे उघडावी लागतात. रंध्रे उघडली की आतली ओल उडते. भर दुपारी खिडक्या उघड्या टाकल्या तर घराची भट्टी होते, तसाच प्रकार. पोर्तुलाकाची रीत दुहेरी आहे. पाणी असेल तोवर तो ज्वारी, मका, ऊस यांच्या पद्धतीने चालतो. कडक उन्हात कमी पाण्यात भराभर अन्न करण्याची ती पद्धत. पाणी तुटले की तो निवडुंगाची पद्धत धरतो: रात्री रंध्रे उघडायची, वायू आत घ्यायचा, त्याचे मॅलिक आम्ल करून पानात साठवायचे, आणि दिवसा रंध्रे मिटून त्या साठ्यावर काम करायचे. हिरव्या सफरचंदाला आंबट करते ते हेच आम्ल. कोरड्या दिवसांत पहाटे खुडलेली घोळ संध्याकाळच्या घोळीपेक्षा अधिक आंबट लागते ती यामुळे. या दोन्ही पद्धती एकाच झाडात असणे हीच दुर्मीळ गोष्ट. त्या एकाच पेशीत चालतात असे अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी घोळीवर काम करून २०२२ साली दाखविले. दिवसा दारे बंद आणि रात्री कारभार, ही चांद्याच्या उन्हाळ्याची रीत त्या झाडाला आपल्याआधी साधली आहे.

म्हणून चिनी गुलाब मरतो तो उन्हाने नव्हे, प्रेमाने. आमच्या शेजारी कोळसा खाणीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. माझ्याकडून फांद्या नेल्या, बाजारातून चकचकीत कुंड्या आणल्या, खाली बशा ठेवल्या, शेतावरची काळीशार माती भरली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. पंधरा दिवसांनी दारात उभे. "मॅडम, रोज दोन वेळ पाणी देतो, सावलीत ठेवतो, तरी बुडातून गळून चाललं." मी कुंडी उपडी केली तर मातीचा लगदा हाताला चिकटला. देठ मातीजवळ तपकिरी, बुळबुळीत झाले होते. आजार दुसरा काही नव्हता. तापलेली ओली माती आणि वारा नाही, यात बुरशीला आणखी काय हवे?

आमच्या भागात धान पिकविणारा शेतकरी मातीची नावे फार नेमकी सांगतो: कन्हार, मोरांड, सिहार, बरडी. कन्हार काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी; बरडी खडकाळ, हलकी, पाणी न धरणारी. शेतकरी कन्हारीचा अभिमान धरतो आणि बरडीला नाक मुरडतो. चिनी गुलाबाचे नेमके उलटे आहे. बरडी मिळाली तर उत्तम. नाहीतर दोन वाटे भरड वाळू किंवा चाळलेला मुरूम, एक वाटा साधी माती आणि ओंजळभर जुने शेणखत पुरे. खत जास्त झाले की पाला माजतो आणि फूल रुसते. भांडे उथळ चालते, पण बुडाला भोके हवीत आणि खाली बशी नको. गच्चीवर कुंडी दोन विटांवर ठेवावी, म्हणजे पाणी निथळते आणि स्लॅबची धग थेट मुळांना लागत नाही. पाणी केव्हा द्यावे याला दिवस मोजण्यापेक्षा पान दाबून पाहणे बरे. पान टणक आहे तोवर काही करू नका. मऊ पडले, किंचित सुरकुतले, की सकाळी लवकर द्या. दुपारी काळ्या टाकीतले पाणी हात भाजेल इतके तापते; ते कोणत्याच झाडाला घालू नये. कूलरच्या टाकीच्या तळाशी उरलेले पाणी मात्र लोक सर्रास घालतात. ते आटून आटून खारट झालेले असते. घोळ थोडाफार खार सोसते, म्हणून एखाद्या वेळी चालेल. नेहमीचे करू नये.

काकांनी पुन्हा फांद्या नेल्या आहेत. बशा त्यांच्या पत्नीने काढून घेतल्या, असे कळते.

गडचिरोलीकडे गेले की प्रश्न वेगळा होतो. १९८२ च्या ऑगस्टपर्यंत तो आमच्याच जिल्ह्याचा भाग होता, आणि ऊन तिकडेही कमी नाही. पण पावसाची सरासरी वर्षाला सुमारे पन्नास इंच आणि चहूकडे जंगल. परीक्षेच्या कामासाठी मी अहेरी-आलापल्ली भागात जाते तेव्हा घराघरांपुढे हे फूल दिसते. तिथला सर्वसाधारण समज असा की रानातली पालापाचोळा कुजून झालेली काळी भुसभुशीत माती आणून घातली की कोणतेही झाड माजते. तो समज बहुतेक झाडांच्या बाबतीत खरा आहे. याच मुलखातल्या सागाचे लाकूड २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी गेले. पण सागाला पोसणारी ती माती पाणी सोडीत नाही, आणि उंच झाडाखालची सावलीही या फुलाला सोसत नाही. दिवसाला निदान सहा तास उघडे ऊन मिळाले नाही तर देठ लांबतात, पाने विरळ होतात आणि कळी येतच नाही. आलापल्लीत एका घरी मी उत्तम व्यवस्था पाहिली. कौलारू घराच्या दक्षिणेच्या ओलतीखाली, पागोळ्यांच्या आत हातभर अंतरावर, बांबूच्या आडव्या काठीवर डबे टांगलेले. पावसाचा थेंब आत पडत नाही आणि ऊन पडले तर तिरपे आत येते. जुलै-ऑगस्टात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडची वाट बंद पडते, त्या दिवसांत फूल नसते, पण झाड जिवंत राहते. या हंगामात दहा-बारा दिवस पाणी न घालण्याचा मोह नव्हे, नियमच करावा.

रोगराईचे फारसे सांगण्यासारखे नाही. पिठ्या ढेकूण कधी देठाच्या बेचक्यांत कापसासारखा बसतो. जुन्या दातांच्या ब्रशने साबणाच्या पाण्यात काढला की झाले. पावसाळ्यात गोगलगाई येतात. चंद्रपुरात याखेरीज एक स्थानिक दुखणे आहे, ते म्हणजे कोळशाची आणि राखेची धूळ. औष्णिक वीज केंद्र आणि खाणी यांच्या शेजारात राहणाऱ्यांच्या कुंड्यांवर ती बसतेच. आठवड्यातून एकदा पहाटे पाने हलके शिंपडून धुवावीत, आणि ऊन चढण्यापूर्वी ती कोरडी होतील असे पाहावे.

फुलाकडे जवळून पाहण्यासारखे दोन चमत्कार मात्र सांगायचे राहिले. त्याचा लालजांभळा रंग गुलाबाच्या रंगाच्या जातीचा नाही. बीटच्या कंदात असतो त्या जातीचा आहे. आणि उमललेल्या फुलातल्या केसरांना गवताच्या काडीने हळूच स्पर्श केला, तर ते ज्या बाजूने स्पर्श झाला त्या बाजूला वळतात. मधमाशी येऊन बसली की परागाने तिचे अंग माखावे यासाठी ही योजना असावी. आमच्या घरी आलेल्या मुलांना मी हा खेळ दाखविते. लाजाळूपेक्षा त्यांना हे जास्त आवडते, कारण लाजाळू दूर सरते आणि हे जवळ येते. दुहेरी पाकळ्यांच्या जातीत केसरांच्या जागी पाकळ्याच झालेल्या असतात, तेव्हा खेळ पाहायचा तर साधे एकेरी फूल हवे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पाऊस संपलेला असेल आणि झाडे लांबट, विस्कटलेली असतील. हीच कात्री लावण्याची वेळ. निम्म्याहून अधिक छाटावे. कापलेल्या फांद्यांतून तीन-चार इंचांचे निरोगी तुकडे निवडून खालची पाने काढावीत आणि सावलीत दिवसभर ठेवून जखम सुकू द्यावी. मग कोरड्या वाळूमातीत खोचावेत आणि दोन दिवसांनी थोडे पाणी द्यावे. उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत मुळे धरतात. थंडी वाढली की वेळ लागतो, म्हणून कार्तिक संपण्यापूर्वी हे उरकलेले बरे. हिवाळ्यात दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीपाशी कुंडी ठेवावी आणि आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी द्यावे. बी धरायचे असेल तर बोंडाची टोपी सुटण्याच्या बेतात असताना कागदाच्या पुडीत झटकावे आणि होळीच्या सुमारास ओल्या वाळूवर नुसते भुरभुरावे. वरून माती टाकू नये, कारण हे बी उजेडात रुजते. दुहेरी फुलाचे बी लावले तर पुन्हा दुहेरी फूल येईलच असे नाही. तिथे फांदीच लावावी.

फांद्या प्रवासालाही चांगल्या. गेल्या मार्चमध्ये माझ्या एका विद्यार्थिनीने सिरोंच्याला घरी नेण्यासाठी मागितल्या. वर्तमानपत्राच्या कोरड्या कागदात, पाण्याचा एक थेंबही न लावता, सैलसर गुंडाळून दिल्या. दिवसभराचा बसचा प्रवास, त्यात वाटेत एक गाडी बिघडलेली. घरी पोचल्या तेव्हा त्या पार सुकलेल्या दिसल्या, म्हणून तिच्या आईने त्या फेकायला काढल्या होत्या. मुलीने रात्रभर ओसरीत तशाच ठेवल्या, सकाळी वाळूत खोचल्या आणि सांगितल्याप्रमाणे दोन दिवस पाण्याला हात लावला नाही. अकरा लावल्या, नऊ जगल्या. पहिले फूल केशरी आले, असे तिने कळविले आहे.